आहे किंवा होती

भाचीचं वय किती, असं कुणी विचारलं की आमच्या घरात दोन उत्तरं येतात. आई म्हणते, अकरा महिने. बहीण म्हणते, साडेनऊ. दोघींचंही बरोबर आहे. जन्मतारीख १८ ऑगस्ट २०२४, पण डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली तारीख होती २ ऑक्टोबर. वेळेआधी आलेल्या बाळाची वाढ बघताना पहिली दोन वर्षं हा फरक वजा करून मोजायचं असतं. ती अजून आधाराशिवाय उभी राहत नाही म्हणून शेजारणीने भुवया उंचावल्या, की बहीण लगेच ४५ दिवस वजा करते. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच. सुईला ही सवलत मान्य नाही.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे 'डिलिव्हरी' दर पंधरवड्याला असते आणि ती वेळेआधी झाली तर मॅनेजर खूश होतो. या ४५ दिवसांआधी मला या शब्दाचा दुसरा अर्थ कळत होता, एवढंच म्हणता येईल. त्या दिवसांत मी जे पाहिलं आणि नंतर जे वाचत गेलो, ते लिहून ठेवावंसं वाटलं. कारण माझ्या वयाच्या मुलांना मेडिक्लेमचा प्रीमियम पाठ असतो, पण आपल्याच बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च, रजा आणि काळजी कोणत्या व्यवस्थेवर उभी आहे, हे ठाऊक नसतं.

आधी नकाशा सांगतो. पिंपरी-चिंचवड महापालिका मोशीला इंद्रायणीच्या काठावर संपते. पूल ओलांडला की खेड तालुका. तिथून चाकणपर्यंत आणि पुढेही कारखानेच कारखाने: बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कंपन्या. अलीकडे मोठं शहर, त्याची स्वतःची रुग्णालयं, त्यात संत तुकारामनगरचं ७५० खाटांचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळे नुसतं 'वायसीएम' म्हणतात. पलीकडे चाकणचं सरकारी ग्रामीण रुग्णालय. आपल्या राज्यात ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा धरून आखलेली गोष्ट. गाड्या बनवायला आलेली माणसं मात्र ३० खाटांच्या हिशेबाने आलेली नाहीत. ती लातूर, बीड, वाशीम, बिहार, उत्तर प्रदेश अशी सगळीकडून आलेली आहेत, बहुतेक विशी-तिशीतली. म्हणजे ज्या वयात पोरंबाळं होतात, नेमकी त्याच वयातली.

माझी धाकटी बहीण त्यांतलीच. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातले. मी इंजिनिअरिंगला लागलो त्या वर्षी घरात एकाचीच फी भरण्यापुरते पैसे होते. ती बारावीनंतर थांबली, लग्न झालं, आणि दाजी भोसरीत सीएनसी ऑपरेटर असल्यामुळे दोघं चाकणजवळ मेदनकरवाडीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायला आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती एका कंपनीत हार्नेसच्या लाइनवर लागली. गाडीच्या आतल्या सगळ्या वायरी एका फळीवर मांडून, टेप गुंडाळून त्यांचा जुडगा करायचा असतो. हे काम यंत्राला अजून नीट जमत नाही. बायकांच्या बोटांना जमतं. आठ तास उभ्याने. ओव्हरटाइम लागला तर बारा.

तिचं नाव कंपनीच्या हजेरीवर नव्हतं, कंत्राटदाराच्या हजेरीवर होतं. मे २०२४ अखेर पोट दिसायला लागलं, आणि कंत्राटदाराच्या सुपरवायझरने तिला 'ब्रेक' दिला. या पट्ट्यात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही. ब्रेक दिला म्हणतात. सात महिन्यांनी ब्रेक, मग जमलं तर पुन्हा नवी जॉइनिंग. तिने विचारलं, बाळंतपणाच्या रजेचं काय? तो म्हणाला, "काम सुटलं की ईएसआय सुटलं. आता गावाकडे जा, आराम करा."

ती गावाकडे गेली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आईनेही सातव्या महिन्यात न्यायला येते म्हणून पिशवी भरून ठेवली होती. धाकटी फोनवर म्हणाली, "आई, काही झालं तर गावाहून लातूरला पोचायला किती वेळ लागेल? इथून पिंपरी जवळ आहे. तूच ये." मग ठरलं, की राखीपौर्णिमा झाली की आई इकडे येईल. माहेरच तिच्याकडे येणार होतं.

तोवर ती दर महिन्याच्या ९ तारखेला चाकणच्या सरकारी दवाखान्यात जात होती. २०१६ पासून देशभर ९ तारीख गरोदर बायकांच्या तपासणीसाठी राखलेली आहे. त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत डॉक्टर त्यांना मोफत बघतात. तिच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड होतं. रक्तगट, हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब, सोनोग्राफीतल्या तारखा, सगळं त्या एका घडीच्या कार्डावर. मी रोज लॉग वाचण्याचं काम करतो, आणि इतका नेटका लॉग मी फार कमी पाहिला आहे. कुठल्याही तालुक्यातल्या, कुठल्याही पाळीच्या परिचारिकेला तो एका मिनिटात वाचता यावा म्हणूनच तो तसा आखलाय. ते मिनिट १७ ऑगस्टच्या रात्री आलं.

*

शनिवार उजाडायचा होता. दाजी रात्रपाळीला. एकच्या सुमारास तिची पाणमोट फुटली. तेहतीस आठवडे आणि तीन दिवस झाले होते. शेजारच्या काकांनी छोटा हत्ती काढला, काकू तिच्याजवळ बसल्या, आणि ते आधी हायवेलगतच्या एका खासगी रुग्णालयात गेले, कारण तिथल्या पाटीवर चोवीस तास लिहिलेलं होतं. रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाने कितवा महिना ते विचारलं. आठवा म्हटल्यावर म्हणाला, "आमच्याकडे काचेची पेटी नाही. पुण्याला न्या." कुणी रक्तदाब बघितला नाही, कुणी कार्ड उघडलं नाही, पुढे कुणाला फोन केला नाही.

मग ते ग्रामीण रुग्णालयात पोचले. काचेची पेटी तिथेही नव्हती. फरक इतकाच, की ड्युटीवरच्या सिस्टरने कार्ड वाचलं, बाळाचे ठोके ऐकले, रक्तदाब लिहिला, डॉक्टरांना उठवलं आणि पुढे पाठवण्याआधी एक इंजेक्शन दिलं. मग १०८ बोलावली. संदर्भ चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, रात्री २.४०.

मी पिंपळे गुरवहून बाइकने वायसीएमला पोचलो, तेव्हा पाऊस होता. रुग्णवाहिका माझ्या नंतर पाचेक मिनिटांनी आली. दिवसा नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये या अंतराला दीड तासही लागतो, त्या वेळी चाळीस मिनिटं लागली. आतल्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदा त्या वेळेखाली पेनाने रेघ मारली. मला वाटलं, काहीतरी चुकलंय. त्या म्हणाल्या, "छान झालं, पहिला डोस तिकडेच दिलाय. आता आपल्याला जमेल तितका वेळ काढायचाय."

वेळ काढायचा म्हणजे काय, हे मी नंतर वाचलं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी असतात, आतले पदर एकमेकांना चिकटलेले. ते सुटे राहावेत म्हणून फुप्फुसं साबणासारखा एक पदार्थ तयार करतात, पण तो पुरेसा व्हायला साधारण शेवटचे आठवडे उजाडतात. त्याआधी जन्मलेलं बाळ प्रत्येक श्वासाला फुगा नव्याने फुगवत असतं, आणि थकतं. न्यूझीलंडमधले डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिल्यावर खूप लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना दिसलं. त्याची फुप्फुसं त्या वयात हवा धरू शकायला नको होती, आणि ती धरत होती. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी ऑकलंडमध्ये बायकांवर रीतसर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. वेळेआधी कळा येणाऱ्या आईला हे इंजेक्शन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि मृत्यूही कमी होतात.

पुढचा भाग माझ्या धंद्यातल्या माणसाला बोचेल असा आहे. औषध स्वस्त, परिणाम सिद्ध, तरीही जगभरच्या डॉक्टरांनी ते नेहमीच्या वापरात आणायला जवळपास वीस वर्षं लावली. मधल्या काळात एकामागून एक चाचण्या झाल्या, प्रत्येकीचं उत्तर त्याच दिशेने येत होतं, आणि त्या सगळ्या एकत्र मांडून बघायला कुणी नव्हतं. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणारी कॉक्रेन ही संस्था आहे. तिच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच इंजेक्शनच्या चाचण्यांच्या आहेत. उत्तर माहीत असूनही ते वापरात यायला किती उशीर झाला, याची आठवण त्यांनी चिन्हातच ठेवली.

आपल्याकडे २०१४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर दर बारा तासांनी ६ मिलिग्रॅम, असे चार डोस. आणि पुढच्या रुग्णालयात पाठवायचं असेल, तर पहिला डोस परिचारिकेनेही देऊनच पाठवावा. त्या रात्री चाकणच्या सिस्टरने केलं ते हेच. ज्या रुग्णालयात पेटी नाही, त्यालाही बाळासाठी काहीतरी करता येतं. पेटीपर्यंत पोचण्याआधीचा वेळ त्याच्या हातात असतो.

दुसरा डोस दुपारी २.४०, तिसरा पुन्हा रात्री, चौथा रविवारी दुपारी २.४०. सोबत प्रतिजैविकं चालू होती, कारण पाणमोट फुटली की जंतू वर चढायला वाट मोकळी होते. पेनिसिलिन बनवणारा देशाचा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये याच पिंपरीत उभा राहिला. आज 'एचए'चं नाव लोकांना मैदानामुळे आणि रखडलेल्या पगारांमुळे आठवतं. पण बाळंतपणानंतरच्या तापाने बायका जाणं कमी होण्यात अशा औषधांचा वाटा फार मोठा आहे. आमच्या आजीच्या तोंडी 'बाळंतरोगाने गेली' हे वाक्य किती सहज यायचं, ते मला त्या बाकड्यावर बसल्यावर आठवलं.

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. वजन १ किलो ७४० ग्रॅम. रडली.

*

पहिले वीस तास बहिणीने तिला पाहिलं नाही. बाळ नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात, ती वरच्या वॉर्डात. सोमवारी राखीपौर्णिमा होती. आई पहाटेच्या गाडीने येऊन पोचली होती आणि तिच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांसोबत दोन राख्या होत्या. बहिणीने एक मला बांधली. मग व्हीलचेअरवरून खाली गेली, आणि बाळाच्या पायावरची चिठ्ठी वाचली. त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं, पुढे 'चे बाळ'. ती म्हणाली, "दादा, हजेरीवर आलं एकदाचं माझं नाव."

बाळ दूध ओढू शकत नव्हतं. गिळणं, चोखणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतीसाव्या आठवड्याच्या आसपास बसायला लागतो. तोवर नाकातून नळी. दर दोन-तीन तासांनी बहीण हाताने दूध काढून वाटीत द्यायची. सुरुवातीला जेमतेम चमचाभर यायचं, आणि ती रडायची. तिथल्या सिस्टरने सांगितलं, हे चमचाभरच औषध आहे, एक थेंब सांडू नका. ज्या बाळांना आईचं दूध मिळूच शकत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली होती. तीही एका महापालिकेच्याच रुग्णालयात. पुढे नळी निघाली आणि दूध बोंडल्याने पाजायला सुरुवात झाली. आईने ते बघितलं आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. एवढ्या यंत्रांत तिच्या ओळखीची एक वस्तू निघाली होती.

तिसऱ्या दिवशी कावीळ. बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. आई म्हणाली, "गावाकडे कोवळ्या उन्हात धरतात." ती म्हणाली ते अगदीच सोडून देण्यासारखं नाही. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अशक्त बाळांना बागेत उन्हात न्यायच्या. एका बाळाचं अंग उघडं होतं तिथे पिवळेपणा कमी आणि कपड्याखाली जास्त, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून शोध पुढे गेला आणि १९५८ मध्ये दिव्याची पहिली मांडणी छापली गेली. प्रकाशातला निळा भाग त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, मग तो शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. उन्हात बाळ भाजतं किंवा गारठतं, आणि मात्रा मोजता येत नाही. दिव्यात फक्त हवा तो रंग, हव्या त्या जोराने. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ऊनच, पण मापातलं."

सहाव्या दिवशी बाळ बाहेर आलं आणि बहिणीच्या छातीवर बांधलं गेलं. नुसतं लंगोट, टोपी, मोजे. कातडीला कातडी, वरून पट्टा. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथल्या सरकारी रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, अशी गत होती. डॉ. एडगार रे यांनी आयांनाच पेटी केलं. बरीच वर्षं लोकांनी याला गरिबांची तडजोड मानलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह पाच देशांत, १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. तडजोड म्हणून आलेली गोष्ट यंत्राच्या पुढे गेली.

सिस्टर म्हणाल्या, जितके तास जमतील तितके. आई थकली तर वडील चालतील. दाजी दिवसभर लोखंडाच्या छिलक्यांत हात घालणारा माणूस. त्याने तीन वेळा साबणाने हात धुतले, शर्ट काढला आणि खुर्चीत इतका ताठ बसला की मला हसू आलं. दोन तास तो हलला नाही. नंतर म्हणाला, "शून्य दशांश शून्य दोनचा टॉलरन्स सांभाळतो रोज, पण अशी भीती वाटली नव्हती." त्यासाठी त्याने बिनपगारी सुट्टी घेतली होती. खासगी कंपनीतल्या बापासाठी देशात रजेचा कायदा नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात.

६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, घरी सोडलं. वजन १ किलो ९३०. बिल शून्य. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, रुग्णवाहिका आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. माझ्या कंपनीच्या विम्यात बाळंतपणाला वेगळी रक्कम आहे, पण त्या फॉर्मवर बायको, मुलं, आई-वडील एवढेच पर्याय आहेत. त्या ड्रॉपडाउनमध्ये बहीण नाही.

घरी आल्यावर आशाताई यायच्या. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळाच्या पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या. साठ किंवा जास्त झाले तर थेट दवाखाना. आईला मध चाटवायचा होता, त्यांनी हात जोडून थांबवलं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे सहा आठवड्यांत सहा भेटी, अशी ही पद्धत आज देशभर आहे. तिची मुळं आपल्या गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मेदनकरवाडीच्या पत्र्याच्या खोलीत श्वास मोजणारं ते घड्याळ गडचिरोलीहून निघून दिल्लीमार्गे आलंय.

*

राहिला पैशांचा प्रश्न. बाळ दोन किलोचं. ते किमान सहा महिने छातीशी लागणार. घरात एकच पगार, खोलीचं भाडं, आणि आई इकडे आल्यामुळे गावाकडे अण्णा एकटे स्वतःच्या भाकऱ्या थापत. आईचं दूध आणि आईची छाती हाच उपचार असेल, तर आईची रजा हेही औषधच झालं. बाकी औषधं मोफत मिळाली होती. हे एक औषध सुपरवायझर मे महिन्यातच बंद करून गेला होता.

मला 'काम सुटलं की ईएसआय सुटलं' हे वाक्य खटकत होतं. एका रात्री कर्मचारी राज्य विमा कायदा उघडून बसलो. हा १९४८ चा कायदा. त्यात विमाधारक कोण, याची व्याख्या आहे. साध्या मराठीत: जी व्यक्ती कर्मचारी आहे किंवा होती, आणि जिच्यासाठी वर्गणी भरली जाते किंवा भरली जात होती, ती. मी ती ओळ तीनदा वाचली. आमच्या कोडमध्ये 'किंवा' हा शब्द रोज येतो. एका 'किंवा'मुळे अख्खी बिलं फिरलेली मी पाहिली आहेत. पण शहात्तर वर्षांपूर्वी कुणीतरी मसुदा लिहिताना 'होती' हा शब्द विसरला नाही, याचं मला त्या रात्री फार वाटलं.

पुढची अट अशी: ज्या सहामाहीत बाळंतपण होतं, तिच्याशी जोडलेल्या आधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी हवी. जुलै ते डिसेंबरमध्ये बाळ झालं तर त्याआधीच्या मार्चअखेर संपणारं वर्ष मोजायचं. बहिणीने पगारपत्रकं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. नोव्हेंबर ते मार्च, बेरीज १२१ दिवस. एप्रिल-मे मोजायची गरजही पडली नाही. तिला ब्रेक दिला त्याच्या दोन महिने आधीच तिचा हक्क पुरा झाला होता. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

रुग्णालयाचे दाखले, अर्ज, बँकेचं पासबुक, पडताळणी, दोन-तीन हेलपाटे. शेवटी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, दिवसाचे ५१० रुपये. ९२,८२० रुपये तिच्या खात्यावर आले. पूर्वी ही रजा १२ आठवड्यांची होती, ती २६ झाली २०१७ मध्ये. सुरुवात त्याहून कितीतरी जुनी. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी असं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षांनी हिशेब तोच आहे. मालकाच्या जागी मधे कंत्राटदार आलाय, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

बहीण पुढच्या महिन्यापासून पुन्हा कामावर जाणार आहे, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या कंत्राटदाराकडे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं असं कायदा सांगतो. तिने मुलाखतीला गेल्यावर ते विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणून आई अजून वर्षभर इथेच राहील, आणि अण्णांच्या भाकऱ्या अजून वर्षभर वाकड्याच असतील. तिने आणखी एक गोष्ट विचारली: ईएसआयचा माझा जुना दहा आकडी नंबरच लावणार ना? नवा नंबर काढला की जुने दिवस वेगळे पडतात, हे तिला आता माहीत आहे.

चाळीत हार्नेसच्या लाइनवरच्या सहा-सात मुली राहतात. परवा रविवारी मी गेलो तेव्हा त्यांतली एक दारात उभी होती. पाचवा महिना, हातात चुरगळलेली पगारपत्रकं. तिने मला बघून विचारलं, "दादा, तुम्ही इंजिनिअर ना? जरा हिशेब करून देता?"

मी हात पुढे केला होता. धाकटीने भाचीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ते कागद स्वतःकडे घेतले.

"त्याला काय विचारतेस," ती म्हणाली, "बस इथे. कोणत्या महिन्यात लागलीस कामाला?"